आजींनी विचारलेला आकडा

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, त्या रात्री माझी नाइट होती. निम्मे रस्ते बंद, म्हणून मी घरून दुपारीच निघाले आणि ड्यूटीच्या दोन तास आधी पोहोचले. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लेबर रूममधून फोन आला. २७ आठवडे, पाणी गेलंय, कळा थांबत नाहीत, बाई भोरकडची. फुप्फुसांसाठी द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं वेळेत पूर्ण झाली होती, तेवढाच काय तो दिलासा. अर्ध्या तासात बाळ आमच्या वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या पाळण्यात होतं. मुलगी. वजन ८९० ग्रॅम.

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, १४ वर्षं सिस्टर आहे. एवढ्याशा बाळाला ‘सलाइन लावलंय’ असं आम्ही नातेवाइकांना सांगतो आणि ते मान डोलावतात. त्या दोन शब्दांत काय काय असतं ते काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. या मुलीच्या आजींनी विचारलं.

आधी बाळाचं सांगते. तिचा तळहात माझ्या अंगठ्याच्या एका पेराएवढा होता. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, चिकटपट्टी ओढली तर तिच्यासोबत निघून येईल अशी. अंगात सगळं मिळून रक्त साधारण ८० मिली, म्हणजे अमृततुल्यच्या एका कपात मावेल एवढं. तपासणीसाठी त्यातलं एक मिली काढायचं तरी आम्ही दोनदा विचार करतो. दूध पचवायची ताकद आतड्यांत नसते, त्यामुळे पहिले काही दिवस साखर, प्रथिनं, स्निग्ध, क्षार, सगळं रक्तातूनच द्यावं लागतं. पहिल्या दिवशी तिला दर किलोमागे ८० मिली पाणी द्यायचं होतं. तिच्या वजनाला ते तासाला तीन मिली झालं. एवढंसं पाणी थेंबाथेंबाने आणि एक तासही न थांबता जायला हवं. त्यासाठी वाट हवी, आणि ती वाट म्हणजे शीर.

अशा बाळांच्या शिरा दिसतात. कातडी पातळ असल्यामुळे हाताच्या पाठीवर, पायाच्या घोट्याजवळ, डोक्यावर निळ्या दोऱ्यासारख्या स्वच्छ दिसतात, आणि नवीन सिस्टर तिथेच फसते. मीही फसले होते. दिसणारी शीर सुई टेकली की आकसते, नाहीतर फुटून कातडीखाली निळा डाग पडतो. सगळ्यात बारीक, जांभळ्या रंगाचं २६ नंबरचं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची सुईवरची नळी, घ्यायची, नाहीतर पिवळी २४ नंबरची. सुई कातडीला जवळजवळ झोपवून धरायची, दहा-पंधरा अंशांच्या वर नाही. मोठ्या माणसाला टोचलं की मागे रक्त लगेच उसळतं, इथे ते येतच नाही असं वाटतं. खरं तर येतं, पण सावकाश. तेवढे तीन-चार सेकंद हात हलू द्यायचा नाही. ‘नाही मिळाली’ असं वाटून सुई फिरवली की मिळालेली शीरही जाते.

हे मला पहिल्या नोकरीत आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी शिकवलं. एकदा मी एका बाळाला पाच वेळा टोचलं. दोन्ही हात, एक पाय, पुन्हा हात. शीर तर मिळेना आणि मला थांबता येईना. सिस्टर मागून आल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “तुला शीर हवीय की तुझं खरं करायचंय?” मला रडू आलं. त्या दिवसापासून मी दोनच प्रयत्न करते. दोनदा नाही मिळाली तर हात बदलायचा, म्हणजे दुसऱ्या माणसाला द्यायचं. तोवर बाळाला दहा मिनिटं गुंडाळून, शांत करून ठेवायचं. आता बऱ्याच ठिकाणी हा नियम लिहिलेलाच असतो.

त्याच नोकरीत आणखी एक गोष्ट घडली. ती मी फारशी सांगत नाही, पण इथे सांगायला हवी. एका बाळाच्या पायाच्या पाठीवर लाइन, म्हणजे शिरेत बसवलेली नळी होती आणि सलाइनमध्ये कॅल्शियम होतं. पाय गारठू नये म्हणून मी तो कापसात व्यवस्थित गुंडाळला होता. दोन तासांनी सोडून पाहिलं तर लाइन आउट झालेली, म्हणजे शिरेतून निसटलेली, पाय सुजलेला आणि मध्यभागी रुपयाएवढा भाग पांढराफटक. कॅल्शियम शिरेबाहेर मांसात उतरलं की ते मांस जाळतं. डॉक्टरांनी लगेच तो भाग सलाइनने धुऊन काढला, साचलेलं औषध पांगवणारं हायलुरोनिडेजचं इंजेक्शन दिलं, पाय उचलून ठेवला. पाय वाचला, पण कातडी काळी पडली आणि व्रण राहिला. ते मूल आज शाळेत असेल आणि त्याच्या पायावर माझ्या कापसाची खूण असेल. तेव्हापासून मी कुठलीही लाइन झाकत नाही. वर पारदर्शक पट्टी, बोटांची टोकं उघडी, आणि दर तासाला डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून कागदावर सही. सलाइन सोडणारा पंप वाजेल या भरवशावर राहायचं नाही. पाणी मांसात जात असलं तरी पंप बराच वेळ गप्प राहतो.

असो. त्या रात्री पहिली लाइन हातात टाकायची नव्हती. इतक्या लहान बाळाला जन्मल्या जन्मल्या एक वाट तयार मिळालेली असते, ती म्हणजे नाळ. तिच्यात तीन नळ्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. नाळ बेंबीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर आडवी कापली की तिन्ही तोंडं दिसतात. धमन्या बारीक, जाड भिंतीच्या आणि आवळलेल्या. शीर मोठी, पातळ भिंतीची, तोंड उघडं टाकलेली, आणि बहुतेक वेळा घड्याळातल्या बाराच्या जागी. डॉक्टर मॅडमनी ती चिमट्याने हलकेच उघडली, आतली रक्ताची गुठळी काढली आणि साडेतीन फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी सोडली. किती आत जायचं ते वजनावरून काढतात. किलोतल्या वजनाची तिप्पट अधिक नऊ, त्याचं निम्मं, त्यात एक मिळवायचा, की सेंटिमीटर मिळतात. तिचं उत्तर सातच्या जरा खाली आलं. नळीचं टोक यकृतात अडकून चालत नाही. ते पार करून हृदयाच्या उंबऱ्याशी, छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या पातळीला थांबायला हवं. मी निर्जंतुक कपड्यावर एकेक वस्तू पुढे करत होते आणि डोळा मॉनिटरवर होता. बाळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं, कारण या धांदलीत ते गार पडलं तर लाइन टाकून काय उपयोग? एक्स-रे आला, टोक जिथे हवं तिथेच होतं. जन्मापासून तास व्हायच्या आत तिला साखर सुरू झाली. जंतू तपासायच्या कल्चरचं रक्तही त्याच नळीतून निघालं, वेगळी सुई लागली नाही.

या सगळ्यात बाळाला टोचलं काहीच नाही. नाळेला दुखणारे मज्जातंतू नसतात. टाका घालताना पोटाची कातडी धरली जाऊ नये, एवढंच बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी संपत आली तेव्हा आजी आल्या. आईची आई. त्या आळंदीपासून दिंडीत चालत होत्या आणि भवानी पेठेत मुक्कामाला होत्या. जावयाचा फोन आला तेव्हा रिक्षा करून निघाल्या, पण वाटेत रस्ते बंद. अर्ध्यातून चालतच आल्या. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. मी त्यांचे हात धुऊन घेतले, गाऊन घातला आणि पाच मिनिटांसाठी आत नेलं. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, नेहमीचा प्रश्न येईल, ‘जगंल ना?’ तो आला नाही.

“माऊली, किती सुया टोचल्या हिला?”

मी म्हटलं, “तीन, आजी. एक व्हिटॅमिन केची, आणि एक जादा लाइन हातात ठेवली, तिला दोन.” मला त्या आकड्याचा थोडा अभिमानही वाटत होता. नाळेतल्या नळीचं सांगितलं, ती दुखत नाही तेही सांगितलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे नाळ कापली तरी आईचीच वाट वापरली म्हणा.”

मग त्यांनी बाळाच्या पायाकडे बोट केलं. “आन् टाचंला कापूस कशाचा?”

साखर तपासायला टाचेतून रक्ताचा थेंब घेतात. तोवर पाच वेळा घेतला होता. मी तो आकड्यात धरला नव्हता. आम्ही कुणीच धरत नाही. आमच्या भाषेत टाचेचं ते ‘प्रिक’ आणि लाइनची ती ‘सुई’. बाळाच्या भाषेत असा काही फरक नसतो. मी म्हटलं, “आठ, आजी. चुकले मी.” त्या काही रागावल्या नाहीत. “मोजत जा,” एवढंच म्हणाल्या. त्यांची दिंडी दिवे घाटाच्या वाटेला लागणार होती. जाऊ की नको, अशा घालमेलीत त्या दिवसभर लेकीजवळ बसल्या. शेवटी लेकीनेच त्यांना पाठवलं.

घरी येऊन झोप लागेना. तेव्हा मी एक जुनी वही काढली आणि दोन रकाने आखले, सुई आणि टाच.

एवढ्या लहान बाळांना वेदना कळत नाही, असं डॉक्टरही एके काळी मानत. त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत त्यासुद्धा पुरेशी भूल न देता. १९८७ मध्ये मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी इंग्लंडमधल्या कमी दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासातून दाखवून दिलं की नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगली सावरतात, आणि न दिलेल्यांच्या शरीरावर फार मोठा ताण येतो. म्हणजे हा समज गेला त्याला माझ्या वयाएवढाही काळ झालेला नाही. आज आम्ही टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेवर सुक्रोजचे, म्हणजे साखरपाण्याचे, नाहीतर आईच्या दुधाचे थेंब सोडतो. एक सिस्टर बाळाचे हातपाय पोटाशी घेऊन, आईच्या पोटात असतं तसं, दोन्ही तळव्यांनी धरून ठेवते. दुसरी टोचते. एकटीने टोचायचं नाही. घाईत हा नियम मोडायची फार इच्छा होते, आणि नेमका घाईतच तो पाळायला हवा.

नाळेतली नळी कायमची नसते. आठवड्यापलीकडे ठेवली तर जंतूंचा धोका वाढत जातो. दूध मात्र त्या वेळी दोन तासांना एक मिली चाललेलं. तिला अजून दोन आठवडे तरी शिरेतून अन्न लागणार होतं, आणि ते अन्न इतकं दाट असतं की हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही. साडेबारा टक्क्यांवर साखर गेली की हातातली लाइन विसरायची. मग दर दिवसाआड नवी शीर शोधत बसायचं, की एकच लांब लाइन टाकायची? त्या लांब लाइनला पिक लाइन म्हणतात. कोपराजवळून नाहीतर पायातून केसासारखी नळी आत सोडून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत न्यायची.

पहिल्याच रात्री मी तिच्या उजव्या कोपरावर मार्करने फुली मारून ठेवली होती. आमच्या युनिटमध्ये याचा अर्थ सगळ्यांना कळतो : इथून रक्त काढायचं नाही, इथे इंट्राकॅथ टाकायचं नाही. कोपराची ती शीर जाड आणि सरळ असते, त्यामुळे रात्री तीन वाजता घाईत असलेल्या प्रत्येकाचा हात आधी तिथेच जातो. ती वापरून टाकली की सहाव्या दिवशी पिक लाइनला जागाच उरत नाही. किती बाळांच्या बाबतीत मी हे पाहिलंय! माझं ठाम मत आहे की लाइन टाकण्यातलं निम्मं कौशल्य शीर राखून ठेवण्यात आहे. ते कुणी परीक्षेत विचारत नाही.

पिक लाइन आमच्याकडे डॉक्टर टाकत. त्या वर्षी युनिटने दोन सिस्टरांना शिकवायचं ठरवलं, त्यातली एक मी. आधी पाहिल्या, मग हाताखाली राहून केल्या. या मुलीची लाइन मी टाकायची आणि सर मागे उभे राहणार, असं ठरलं.

सहाव्या दिवशी सकाळी फीडनंतर तासाभराने सुरुवात केली. टेपने माप घेतलं, कोपर ते खांदा, खांदा ते गळ्याखालची खाच, तिथून खाली तिसऱ्या बरगडीच्या फटीपर्यंत. साडेदहा सेंटिमीटर. वॉर्मरचं तापमान वाढवलं. टोपी, मास्क, गाऊन, कोपरापर्यंत हात धुणं. कातडी औषधाने पुसली, सुकू दिली, मग सलाइनने ते औषध काढलं. इतक्या पातळ कातडीवर ते साचून राहिलं तर भाजतं. नळी एक फ्रेंचची, २० सेंटिमीटर लांब, आधी हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, पाण्याने भरून घेतलेली. शेजारच्या सिस्टरने जिभेवर थेंब सोडले, बाळाला गुंडाळून धरलं. मी सुई झोपवली, टोचली आणि थांबले. एक, दोन, तीन. रक्त आलं.

पुढचं काम चिमट्याचं. नळी दातांशिवायच्या चिमट्याने धरायची आणि अर्धा अर्धा सेंटिमीटर सारायची. सहा सेंटिमीटरपर्यंत छान गेली. तिथे, काखेजवळ, अडली. ढकलली तर ती आतल्या आत वळते, शिरेला इजा होते. मी ढकलली नाही, पण घाम फुटला. मॉनिटरवर ऑक्सिजन ८८ वर आलेला. सर एवढंच म्हणाले, “घाई नाही.” आम्ही थांबलो. बाळाला पुन्हा जवळ घेतल्यासारखं धरलं, ऑक्सिजन ९३ झाला. मग सिस्टरने कपड्याखालून हात खांद्यातून थोडा वर उचलला, बाळाची मान उजवीकडे, हनुवटी खांद्याशी टेकेल अशी वळवली, म्हणजे नळी वर मानेत जायला नको. मी थेंबभर सलाइन सोडत सोडत नळी पुन्हा सारली. ती सरकली. लोण्यातून जावी तशी पुढे गेली. ते बोटांना कळतं, शब्दांत सांगता येत नाही.

एक्स-रेत टोक हवं त्यापेक्षा आत दिसलं, हृदयाच्या कप्प्यात. हे धोक्याचं असतं. टोक हृदयाच्या भिंतीला घासत राहिलं तर भोक पडून पाणी हृदयाभोवती साचू शकतं आणि बाळ मिनिटांत जाऊ शकतं. एक सेंटिमीटर मागे घेतली, हात नेहमी ठेवतात तसाच ठेवून पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी जागा बरोबर होती. बाळाचं अंग ३६.३ अंश सेल्सिअस झालं होतं, ते ३६.८ व्हायला वीस मिनिटं लागली. मग कुठे मी गाऊन काढला.

ही लाइन सांभाळणं मला टाकण्यापेक्षा अवघड वाटतं. तिच्यातून रक्त देता येत नाही, काढता येत नाही, लगेच बंद पडते. फ्लश करायला, म्हणजे सलाइन सोडून नळी धुवायला, सिरिंज दहा मिलीचीच हवी. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, दोन मिलीच्या सिरिंजने नळी आत फुटू शकते. दर वेळी जोड उघडायच्या आधी स्पिरिटच्या स्वॅबने १५ सेकंद घासायचं, मग सुकू द्यायचं. पहाटे पाचला हे १५ सेकंद फार लांब वाटतात. मी मनात आकडे म्हणते.

डॉक्टरांपाशी एक गोष्ट मी लावून धरली. टाचेच्या तपासण्या एकत्र करा. सकाळी साखर, दुपारी काविळीचं बिलिरुबिन, संध्याकाळी सोडियम असं तीनदा टोचण्यापेक्षा एकदाच घ्या. दोन-तीन दिवस कटकट वाटली त्यांना, मग राउंडलाच ‘हिचं आजचं काय काय आहे?’ असं विचारलं जाऊ लागलं. वही मी कुणाला दाखवली नव्हती. तरी कळलंच सगळ्यांना.

एकोणिसाव्या दिवशी दूध दोन तासांना दहा मिलीपर्यंत आलं होतं आणि पचत होतं. लाइन काढायची वेळ झाली. काढतानाही सावकाश, एकेक सेंटिमीटर. अडली तर ओढायचं नाही, गरम शेक देऊन थांबायचं. ती अडली नाही. मी नळी पट्टीवर सरळ केली, मोजली. वीस सेंटिमीटर, टोक शाबूत. तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री करूनच कागदावर लिहायचं असतं.

एकादशी होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी आजी आल्या, पंढरपूरहून एसटीने थेट. उन्हाने चेहरा काळवंडलेला, पायाला भेगा. लेक आत बाळाला छातीशी धरून खुर्चीत बसली होती. आजींनी हात धुतले, गाऊन घातला, आणि आधी माझ्याकडे आल्या.

“किती?”

मी वही काढली. सुई ६, टाच २३.

त्यांनी मान हलवली. जास्त की कमी, काही म्हणाल्या नाहीत. मग लेकीपाशी वाकून म्हणाल्या, “ती लांबडी कुठनं घातली होती?” मी बाळाचा उजवा हात दुपट्यातून हळूच बाहेर काढला, कोपर दाखवलं. मार्करची फुली केव्हाच पुसली गेली होती. आजींनी मान तिरकी करून पाहिलं, मग आणखी जवळ जाऊन पाहिलं.

“मला तर काहीच दिसंना. चष्मा पिशवीत राहिला, आणते थांब.”

“राहू द्या आजी,” मी म्हटलं, “चष्म्यानेही नाही दिसायचं.”